घटस्फोट आणि दोघांच्या नावावरचं गृहकर्ज: हप्ता कोणाचा, घर कोणाचं आणि जप्ती टाळायची कशी

फॅमिली कोर्टाचा हुकूम नवरा-बायकोला बांधतो, बँकेला नाही. कन्सेन्ट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात दिलेल्या संमतीच्या अटींमध्ये, ‘यापुढचे सगळे हप्ते पती भरेल’ असं लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रतही हातात आली. तरी दोन वर्षांनी हप्ते थांबले की नोटीस पत्नीलाही येते आणि तिचाही सिबिल स्कोअर कोसळतो. यात बँकेचं काही चुकत नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 43 नुसार दोघांनी मिळून दिलेलं वचन कोणा एकाकडूनही पूर्ण करून घेता येतं. ‘अर्धं कर्ज माझं, अर्धं त्याचं’ ही वाटणी घरातली झाली. बँकेच्या लेखी प्रत्येकाच्या डोक्यावर पूर्ण कर्ज आहे.

त्यामुळे कामांचा क्रम महत्त्वाचा. आधी बँकेची लेखी मंजुरी, मग दुय्यम निबंधकाकडे दस्ताची नोंदणी आणि सगळ्यात शेवटी घटस्फोटाचा अंतिम हुकूम. बहुतेक जोडपी नेमकी उलटी जातात, कारण वकिलाची तारीख ठरलेली असते आणि बँकेची नसते.

कागदावर तुम्ही कोण आहात ते आधी बघा

घराचा करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा), बँकेचं मंजुरीपत्र आणि कर्ज करार ही चार कागदं काढा. घर कोणाच्या नावावर आहे हे पहिल्या दोन कागदांवरून कळतं, कर्ज कोणाच्या नावावर आहे हे पुढच्या दोन कागदांवरून. दोन्हीकडे नावं सारखीच असतील असं धरून चालू नका.

दोन्हीकडे दोघांची नावं असतील तर चित्र त्यातल्या त्यात सरळ आहे. सगळ्यात वाईट अवस्था फक्त सहकर्जदाराची. पात्रता वाढावी म्हणून पत्नीचा पगार कर्जात धरला, पण करारनामा एकट्या पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर केला, असं सर्रास होतं. अशा वेळी देणं पूर्ण असतं आणि मालकी शून्य. महाराष्ट्रात लग्नानंतर घेतलेली मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होत नाही. नाव कोणाचं आणि पैसा कोणाचा यावर सगळं ठरतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 27 लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं आहे, फ्लॅटच्या वाटणीसाठी त्यावर विसंबता येत नाही. नाव नसताना पैसे भरले असतील तर फॅमिली कोर्टात मालकीचा दावा करता येतो. जोडीदाराच्या नावावर ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला बेनामी व्यवहार कायद्यात अपवाद ठेवलेला आहे. पण हा दावा उभा राहतो तो बँक स्टेटमेंटवर. ‘मी घरखर्च केला म्हणून त्याला हप्ता भरता आला’ हे खरं असलं तरी सिद्ध करायला कठीण जातं.

कोणाचे वडील किंवा भाऊ जामीनदार असतील तर त्यांना आजच कळवा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता विकून बघा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही.

कर्जाची आजची स्थिती, आणि तुमचा पत्ता

बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: पहिल्या हप्त्यापासूनचं खातेस्टेटमेंट, परतफेडीचं उरलेलं वेळापत्रक आणि फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे आज कर्ज बंद करायचं तर किती रुपये लागतील याचा हिशेब. सहकर्जदाराला हे मागण्याचा पूर्ण हक्क आहे. शाखेत ‘मुख्य अर्जदाराला घेऊन या’ असं सांगितलं तर मागणी ईमेलवर करा, बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला प्रत टाका आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. जोडीला स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. संयुक्त कर्ज दोघांच्याही रिपोर्टात दिसतं. तुमच्या परस्पर हप्ता चुकला असेल तर किती दिवस उशीर झाला ते तिथे कळेल.

याच पत्रात पत्ता बदला. माहेरी किंवा भाड्याच्या घरी राहायला गेलेली व्यक्ती फोन नंबर बदलते, सोसायटीला कळवते, बँकेला कळवायचं मात्र विसरते. मग कर्ज थकल्यावर कायद्याने द्यावी लागणारी साठ दिवसांची नोटीस जुन्या फ्लॅटवर जाते. तिथे राहणारा जोडीदार ती खणात टाकतो, बँक घराच्या दारावर नोटीस चिकटवते, वर्तमानपत्रात छापते, आणि कायद्याच्या नजरेत ती बजावली जाते. पत्ता, मोबाइल नंबर आणि ईमेल बदलल्याचं पत्र शाखेत द्या आणि पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. पुढे कर्जवसुली न्यायाधिकरणात जायची वेळ आली तर बँकेने चुकीच्या पत्त्यावर नोटीस पाठवली हे दाखवायला हाच कागद लागतो.

ऑनलाइन कर्जखातं बघण्याची सोय दोघांनाही घ्या. हप्ता कोणीही भरो, कापला गेला की नाही हे दर महिन्याला दोघांना दिसायला हवं.

वाद चालू असताना हप्ता कोणी भरायचा

व्यवहाराचं उत्तर कडू आहे: जो भरू शकतो त्याने. ‘घर ती वापरते, मग मी का भरू?’ किंवा ‘मला घराबाहेर काढलं, मग मी का भरू?’ हे दोन्ही प्रश्न न्याय्य आहेत. पण त्यांचं उत्तर कोर्ट देणार आणि थकबाकीची घड्याळं तोवर थांबणार नाहीत. भरलेला पैसा मागता येतो, पडलेला सिबिल स्कोअर मागता येत नाही.

हप्ता भरताना पुरावा तयार होईल असा भरा. स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात, दरमहा, रकमेसमोर ‘गृहकर्ज हप्ता’ असा उल्लेख करून. जोडीदाराच्या खात्यात पैसे टाकून ‘तू भर’ असं करू नका. पुढे ते पैसे पोटगी होते, उसने होते की हप्ता होता यावर वाद होतो. पहिल्या जास्तीच्या हप्त्यानंतर वकिलामार्फत एक पत्र पाठवा: ‘माझ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरत आहे, हक्क राखून भरत आहे.’ आपल्या वाट्यापेक्षा जास्त फेडणाऱ्या सहकर्जदाराला दुसऱ्याकडून भरपाई मागता येते. साधारण 3 वर्षांच्या मुदतीत मागणी करायची असते. आणि सगळं कर्ज एकाने फेडलं तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 92 नुसार तो बँकेच्या जागी येतो, म्हणजे दुसऱ्याच्या हिश्श्यावर त्याचा बोजा बसू शकतो. घासाघीस करताना हे कलम हाताशी असलेलं बरं.

अंतरिम अर्जही करता येतो. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्याचा नमुनाच घालून दिला आहे. त्यात हप्ता, थकबाकी आणि कोण किती भरतं हे नीट भरा. हप्ता भरतो म्हणून पोटगी आपोआप कमी होईल या भ्रमात मात्र राहू नका. कर्ज स्वखुशीने घेतलेलं देणं आहे आणि त्यातून तुमचीच मालमत्ता तयार होते, असं कोर्ट म्हणू शकतं. हप्ता आणि घराचा वापर यांची सांगड घालून मागणी केली तर ती जास्त टिकते.

पगार अपुरा असेल तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करणं किंवा काही महिने फक्त व्याज भरणं, यावर खातं नियमित असेपर्यंत बँक बोलते. नव्वद दिवस उलटले की तेच बोलणं वसुली विभागाकडे जातं आणि सूर बदलतो.

तीन वाटा, आणि त्यांचा हिशेब

घर विकून कर्ज फेडा आणि उरलेलं वाटून घ्या. एकाने घर आणि कर्ज दोन्ही घ्या. किंवा मुलांच्या शाळेसाठी वगैरे काही वर्षं दोघांच्या नावावर तसंच ठेवा. तिसरी वाट शक्यतो टाळा. नातं तुटल्यावर पंधरा वर्षं एकमेकांच्या आर्थिक शिस्तीवर अवलंबून राहणं ही मोठी जोखीम आहे. नाइलाजच असेल तर अंतिम तारीख घाला: अमुक दिवसापर्यंत कर्ज एकाच्या नावावर झालं नाही तर घर विकायचं.

आकड्यांत पाहू. 50 लाखांचं कर्ज, 8.5 टक्के व्याज, 20 वर्षं मुदत. हप्ता येतो सुमारे 43,391 रुपये. पहिल्या हप्त्यातले 35,417 रुपये व्याजातच जातात. म्हणून पाच वर्षं नेमाने भरूनही सुमारे 44.06 लाख बाकी उरतात. लोक ‘पाच वर्षांत 26 लाख भरले’ म्हणून तेवढा हिस्सा मागतात. प्रत्यक्षात फिटलेली मुद्दल सहा लाखांच्या आत असते. वाटणी भरलेल्या हप्त्यांची नाही, घराच्या आजच्या किमतीतून कर्ज वजा जाऊन उरणाऱ्या रकमेची करायची.

फ्लॅटची आजची बाजारकिंमत 80 लाख धरली तर उरतात 35.94 लाख. निम्मे 17.97 लाख. सुरुवातीचं डाउन पेमेंट एकानेच, किंवा एकाच्या आईवडिलांनी, दिलं असेल तर ते आधी बाजूला काढून मग वाटणी करायची का हे इथेच ठरवा, कारण भांडण नेमकं यावर अडतं. किंमत ठरवायला बँकेच्या यादीवरचा मूल्यांकनकार नेमा आणि फी दोघांनी भरा. रेडी रेकनरचा दर हा मुद्रांक शुल्कासाठी आहे, बाजारभाव म्हणून तो धरू नका.

आता जो घर ठेवणार त्याला 44.06 लाखांचं कर्ज स्वतःच्या नावावर घ्यायचं आहे आणि 17.97 लाख जोडीदाराला द्यायचे आहेत. सगळं कर्जातूनच उभं करायचं तर 62.03 लाख. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची, म्हणजे इथे 64 लाख, तेवढ्यात बसतं. पण हप्ता होतो सुमारे 53,830. बँक सर्वसाधारणपणे हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आसपासच हप्त्यांना जागा देते, म्हणजे एकट्याचा हातात येणारा पगार महिना 1.08 लाखाच्या घरात हवा, आणि गाडीचं वगैरे दुसरं कर्ज नको. हा हिशेब जमत नसेल तर ‘मला घरच हवं’ या हट्टाचा शेवट सहा महिन्यांत थकबाकीत होतो. त्यापेक्षा विकणं बरं. एका पगारावर न झेपणारं घर भावनेपोटी ठेवून घेणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक आहे.

विकायचं ठरलं तर थकबाकी नसताना विका. खरेदीदाराची बँक तुमच्या बँकेला थेट पैसे देते, कागदपत्रं तिच्याकडे जातात आणि उरलेली रक्कम दोघांना वेगवेगळ्या धनादेशांनी मिळते. विक्री करारात दोघांचे हिस्से आणि खाते क्रमांक लिहा. घर 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो, दर 12.5 टक्के, आणि 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी महागाई निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्याय आहे. ताबा घेतला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत विकलं तर मुद्दल परतफेडीवर आधी घेतलेली करवजावट परत उत्पन्नात धरली जाते, हे सी.ए.ला आठवणीने विचारा.

कर्जातून नाव काढणं

‘नाव कमी करण्याचा फॉर्म’ असा काही प्रकार नसतो. एक कर्जदार बाहेर जातो म्हणजे बँकेची वसुलीची एक बाजू कमी होते, म्हणून ती उरलेल्या व्यक्तीची नव्याने छाननी करते: पगाराच्या पावत्या, दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, क्रेडिट रिपोर्ट, नवं मूल्यांकन. पगार पुरत नसेल तर वडील, भाऊ किंवा कमावता मुलगा सहकर्जदार म्हणून आत घ्यायला सांगते. मंजुरी मिळाली की पूरक करार होतो आणि बाहेर जाणाऱ्याला मुक्तता पत्र मिळतं. हे पत्र हातात नसेल तर तुम्ही मुक्त झालेला नाही, मग मॅनेजर तोंडी काहीही म्हणो.

सध्याची बँक तयार नसेल तर दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावाने कर्ज घेऊन जुनं बंद करा. वैयक्तिक नावावरच्या, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे ही वाट खर्चाच्या दृष्टीने फार जड जात नाही. जुनं खातंच बंद होत असल्यामुळे बाहेर पडणाऱ्यासाठी ती जास्त स्वच्छ आहे.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमध्ये, म्हणजे कोर्टापुढच्या दोन टप्प्यांमध्ये, साधारण सहा महिने असतात. 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर ही मुदत माफ होऊ शकते आणि वकील ती माफ करून घ्यायला उत्सुक असतात. कर्ज असेल तर उलट हे सहा महिने बँकेच्या कामाला वापरा. छाननी, मूल्यांकन आणि कायदेशीर तपासणीत महिना-दोन महिने सहज जातात.

मालकी सोडण्याचा दस्त: कोणता आणि कधी

कर्जातून नाव निघाल्याशिवाय, किंवा निदान बँकेचं लेखी मंजुरीपत्र आल्याशिवाय, मालकी सोडू नका. हक्कसोडपत्र करून मोकळं झालेल्या आणि कर्जात तसंच अडकलेल्या माणसाकडे बोलणी करायला काहीच उरत नाही. घर तारण आहे, त्यामुळे कुठल्याही दस्ताला बँकेची नाहरकत घ्यावी लागते.

दस्ताचा प्रकार पैशावरून ठरतो. पैसे न घेता हिस्सा दिला तर बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा लागू शकतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून घ्या. ही सवलत पती-पत्नी या नात्याला आहे. अंतिम हुकूम झाला की नातं संपतं आणि सवलतही जाते. दस्त हुकुमाआधी करायचा तो यासाठी.

हक्कसोडपत्राच्या बाबतीत गैरसमज मोठा आहे. 200 रुपयांत हक्कसोड होते ती वडिलोपार्जित मालमत्तेची. दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटमधला हिस्सा सोडला तर विक्रीच्या दराने शुल्क लागू शकतं: मुंबईत 6 टक्के, पुण्यात 7 टक्के, आणि नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. हिश्श्याचे 17.97 लाख घेऊन वर बक्षीसपत्र दाखवणं हा मार्ग सुचवणारे भेटतील. मोबदला कन्सेन्ट टर्म्समध्ये लिहिलेला आणि दस्तात ‘विनामोबदला’ असं दिसलं की मुद्रांक विभाग आणि आयकर दोन्हीकडे प्रश्न उभे राहतात.

आणखी एक बारकावा. फ्लॅट मूळ याचिकेच्या परिशिष्टातच नीट वर्णनासह घाला: सर्व्हे किंवा सीटीएस क्रमांक, फ्लॅट क्रमांक, चटई क्षेत्र, सोसायटीचं नाव. दाव्याचा विषय नसलेली स्थावर मालमत्ता समझोत्याच्या हुकूमनाम्यात आली तर नोंदणी कायद्याच्या कलम 17 नुसार त्या हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते.

कन्सेन्ट टर्म्समध्ये काय लिहून घ्यायचं

‘कर्जाची जबाबदारी पतीची राहील’ एवढं वाक्य कुचकामी आहे. असं लिहा:

कर्जखातं क्रमांक, बँक आणि शाखा, अमुक तारखेची बाकी रक्कम, हप्त्याची तारीख. कोण भरेल आणि कोणत्या खात्यातून. कर्ज कोणत्या तारखेपर्यंत एकाच्या नावावर होईल. ही तारीख दुसऱ्या मोशनच्या आधीची ठेवा. झालं नाही तर काय: घर विकायला काढायचं, किमान किंमत किती, विक्रीला सही द्यायला टाळाटाळ केली तर कोर्टाने नेमलेला अधिकारी सही करेल. हप्ता चुकला तर किती दिवसांत दुसऱ्याला कळवायचं. सात दिवस पुरेत. दुसऱ्याने भरला तर व्याजासह किती दिवसांत परत द्यायचा. आणि हानिरक्षण, म्हणजे बँकेने माझ्याकडून काही वसूल केलं तर तुम्ही मला पूर्ण भरपाई द्याल.

हानिरक्षणाच्या कलमामागे पैसा ठेवा, नुसत्या सहीवर भागवू नका. एकरकमी पोटगीतला काही भाग मुदत ठेवीत ठेवून, बँकेचं मुक्तता पत्र कोर्टात दाखल झाल्यावरच तो मोकळा करायचा, अशी अट घालता येते. सहा हप्त्यांइतकी रक्कम राखून ठेवली तरी माणूस वेळेवर भरतो.

हप्ते थांबलेच तर: दिवसांचा हिशेब

रिझर्व्ह बँकेची मोजणी दिवसावर चालते. 31 मार्चला देय हप्ता भरला नाही तर त्या दिवसअखेरीसच खातं थकीत. 30 एप्रिलला एसएमए-1, 30 मेला एसएमए-2 (हे दोन्ही धोक्याच्या इशाऱ्याचे टप्पे) आणि 29 जूनला एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. मध्ये थोडे पैसे भरले तर ते सगळ्यात जुन्या थकबाकीत जातात. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून खातं नियमित होत नाही; संपूर्ण थकबाकी भरावी लागते. वरच्या उदाहरणात तीन हप्त्यांचे 1,30,173 रुपये आणि वर दंडाचे आकार.

एनपीएनंतर सरफेसी कायदा 2002 लागतो, म्हणजे दावा न लावता तारण घर ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणारा कायदा. कलम 13(2) ची 60 दिवसांची नोटीस येते आणि मागणी थकलेल्या हप्त्यांची नसून पूर्ण कर्जाची असते, म्हणजे 1.30 लाख नाही, 44 लाखांच्या वर. अनेक बँका या टप्प्यावरही थकबाकी घेऊन खातं नियमित करून देतात. पण तो तुमचा हक्क नाही. नोटीस मिळाली की लेखी हरकत द्या. बँकेने 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. हरकतीत नवरा-बायकोच्या भांडणाची कहाणी नको. रकमेतली चूक, जमा न दाखवलेले हप्ते, चुकीचा पत्ता, आणि तुमचा परतफेडीचा ठोस प्रस्ताव एवढंच लिहा. बाकी देणं मुद्दल आणि व्याजाच्या 20 टक्क्यांहून कमी उरलं असेल तर कलम 31 नुसार सरफेसीची कारवाईच चालत नाही. जुनं, बरंचसं फिटलेलं कर्ज असेल तर हे तपासा.

एक सापळा इथेच आहे. कलम 13(2) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता, भाड्याने देता किंवा अन्यथा हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे वर सांगितलेली बक्षीसपत्र आणि विक्रीची सगळी दारं बँकेच्या हातात जातात.

साठ दिवसांनंतर कलम 13(4) खाली ताबा. आधी सांकेतिक, म्हणजे फक्त कागदोपत्री: दारावर ताबा नोटीस आणि 7 दिवसांत दोन वर्तमानपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम 14 खाली मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे, इतरत्र सहसा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. घरात कोण राहतं, कोणाचा काय वाद आहे हे तिथे ऐकलं जात नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा निवासाचा आदेश नवऱ्याला बायकोला घराबाहेर काढण्यापासून किंवा घर विकण्यापासून रोखतो. आधीपासून तारण असलेल्या घरावरची बँकेची कारवाई तो थांबवेल असं गृहीत धरून स्वस्थ बसू नका. फॅमिली कोर्ट किंवा दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागूनही उपयोग नाही, सरफेसीचं कलम 34 आडवं येतं. जायचं ते कर्जवसुली न्यायाधिकरणात, कलम 17 खाली, कारवाईच्या तारखेपासून 45 दिवसांत. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. तिथे हरल्यावर अपिलाला जायचं तर देण्याच्या 50 टक्के रक्कम आधी भरावी लागते. अपील न्यायाधिकरण ती 25 टक्क्यांपर्यंत कमी करू शकतं.

लिलावाची किमान 30 दिवसांची नोटीस असते. पण पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाच्या दिवसापर्यंत टिकतो हा जुना समज सोडा. 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच पूर्ण रक्कम भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात तेच सांगितलं. म्हणून ग्राहक शोधायचा असेल तर सांकेतिक ताब्याच्या आधीच शोधा आणि खासगी विक्रीला बँकेची संमती मागा. घर रिकामं, दोन्ही मालक सहीला तयार आणि किंमत बाजाराजवळ असेल तर बँकही नकार देण्यात रस घेत नाही.

लिलावातून कर्ज आणि खर्च जाऊन काही उरलं तर ते मालकांचं. दोघांत वाद असेल तर हिश्श्याबद्दलचा फॅमिली कोर्टाचा आदेश आधीच मिळवून बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला बजावा. कमी पडलं तर उरलेल्या रकमेसाठी बँक दोघांमागे येते, आणि ज्याचा पगार सहज सापडतो त्याच्यामागे आधी. ‘सेटलमेंट’ करून कमी पैशांत सुटका झाली तर क्रेडिट रिपोर्टात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो. तो ‘क्लोज्ड’ नव्हे, आणि पुढच्या गृहकर्जाला आडवा येतो. वसुली एजंट सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत.

कर्ज सहकारी बँकेचं असलं तरी सरफेसी लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. पतसंस्थेचं असेल तर वाट वेगळी: महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला आणि नियम 107 खाली जप्ती. ती अनेकदा बँकेपेक्षा झपाट्याने होते.

गोव्यात आणि परदेशात

गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर तिथल्या नागरी संहितेनुसार संपत्ती सामायिक धरली जाते, घर एकाच्या नावावर असलं तरी. निम्मा हक्क मुळातच असल्याने वाटाघाटीची सुरुवात तिथे वेगळ्या जागेवरून होते, आणि स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराला दोघांची संमती लागते. बँकेपुढची जबाबदारी मात्र कर्ज करारावरूनच ठरते.

एक जोडीदार परदेशात असेल तर विशिष्ट कामापुरतं कुलमुखत्यारपत्र करा: बँकेतल्या सह्या, दस्त नोंदणी, सोसायटीचे कागद. परदेशात केलेला कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावा लागतो. मुदत हुकली की दुय्यम निबंधकाकडे अडतो. विकणारा अनिवासी असेल तर खरेदीदाराने कापायचा कर नेहमीच्या 1 टक्क्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच घ्या, नाहीतर कर्ज फेडायला लागणारा पैसाच अडकून पडतो.

सगळं झाल्यावरचे कागद

कर्ज बंद झालं की 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत आणि बोजा उतरायला हवा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. कागदपत्रं कोणाला द्यायची हे दोघांच्या सहीने बँकेला आधी कळवा, नाहीतर ती मुख्य अर्जदाराच्या हाती जातात. सरसाईच्या, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदीत तारण उतरल्याचं तपासा, सोसायटीच्या भागदाखल्यावरची (शेअर सर्टिफिकेट) मालकाच्या आणि बँकेच्या नावाची नोंद बदलून घ्या, वीज आणि मालमत्ता कराची बिलं बदला. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा. बाहेर पडलेल्याच्या रिपोर्टात ते कर्ज अजून चालू दिसत असेल तर बँकेचं मुक्तता पत्र जोडून ब्युरोकडे तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.